बाकी तुम्ही चौकशी करा

दर रविवारी सकाळी मी किन्हवलीला भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. वर्ग म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली. पंखा आहे, लाईट असेल तेव्हा फिरतो. इतर दिवशी मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, तिथे अभ्यासक्रम असतो, पुस्तक असतं, घंटा असते. इथे काहीच नसतं, म्हणून इथे मला शिकवायला आवडायचं.

या मुलांना शब्द पाठ होत नाहीत. पाठ केले तरी परीक्षेत आठवत नाहीत. म्हणून मी एक पद्धत काढली. एक मूळ घ्यायचं, लॅटिन किंवा ग्रीक, आणि त्याची सगळी भावकी फळ्यावर गोळा करायची. हा थोरला, हा चुलता, हा दत्तक गेलेला, हा शहरात जाऊन नाव बदललेला. मुलांना ते पटलं. जिना चढता चढताच विचारायची, "मॅडम, आज कोणाची भावकी?"

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी फळ्यावर 'फिड' लिहिलं. फिडेस म्हणजे विश्वास, भरवसा. मग एकेक जण आला. कॉन्फिडन्स आला, तो तर इथे प्रत्येकाच्या तोंडात. कॉन्फिडेन्शियल आला, कन्फाइड आला. फिडेलिटी, म्हणजे निष्ठा. डिफिडंट, म्हणजे ज्याला स्वतःचाच भरवसा वाटत नाही असा. तहसीलदार कचेरीसमोर ज्याच्यासाठी रांग लागते ते अॅफिडेव्हिट आलं. बोनाफाईड आलं. आणि फियान्से, ज्याच्याशी लग्न ठरलंय तो.

"फियान्से पण ह्यांच्यातलाच?" मागून एकाने विचारलं.

"त्याच घरातला. शब्द दिला, भरवसा दिला, म्हणून फियान्से."

"आणि मॅडम, बोनाफाईड?" पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "त्याला सही लागते, शिक्का लागतो, वर हापिसातल्या बाई म्हणतात उद्या या. भरवसा असता तर इतकं लागलं असतं का?"

वर्ग हसला. मीही हसले. ही मुलगी कायम असं काहीतरी बोलायची. तिच्या शेजारी तिची चुलत बहीण बसायची. तीही हसायची, पण तोंडावर ओढणी धरून. दोघी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होत्या, किन्हवलीच्या पुढच्या एका वाडीतून एकाच स्कूटीवर यायच्या. त्यांची नावं मी लिहिणार नाही. माझ्यामुळे ती एकदा पुरेशी फिरली आहेत. बोलणारीला थोरली म्हणते आणि ओढणीवालीला धाकटी.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर थोरली खाली गाडीपाशी थांबली आणि धाकटी वर माझ्याजवळ राहिली. मी फळा पुसत होते.

"मॅडम, कन्फाइड म्हंजे कोणाला तरी सांगणं ना?"

"भरवसा ठेवून सांगणं."

"मग मला तुमाला कन्फाइड करायचंय."

मला हसू आलं, नवा शब्द शिकल्या शिकल्या वापरते म्हणून. मग तिने सांगितलं आणि माझा हात फळ्यावर थांबला. तिला आकडी यायची. लहानपणापासून नाही, दहावीनंतर सुरू झालं. कल्याणच्या डॉक्टरांची गोळी चालू होती आणि बराच काळ काही झालेलं नव्हतं. घरात आईबापांना माहीत होतं, आणि थोरलीला, कारण दोघी एका खोलीत निजायच्या. थोरलीच्या आईलासुद्धा पत्ता नव्हता. आता मुरबाडकडून, वैशाखऱ्याहून, स्थळ आलं होतं. मुलगा तिने पाहिला होता. आवडला होता, हे तिने सांगितलं नाही, पण दिसत होतं.

"घरचे बोलतात लग्नानंतर बघू. मी नाय तसं करणार. सुपारी फुटायच्या आधी मी त्याला सांगणार, मी स्वतः. फोनवर नाय, समोर. पण कसं सांगू ते मला जमत नाय, म्हणून तुमाला विचारते."

मी तिला काय सल्ला दिला ते आता मला धड आठवतही नाही. हळूहळू सांग, घाबरू नको, असं काहीतरी. तिने मात्र एकच गोष्ट नीट मागितली. "तोवर कोणाला बोलू नका."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

आणि मी बोलले नाहीच. हेच मी नंतर कितीतरी महिने स्वतःला सांगत राहिले, की मी एक शब्द बोलले नाही.

आमच्या या भागात लग्न जुळायचं तर आधी चौकशी होते. सगळीकडेच होते, पण आमच्याकडे तिची एक रीत आहे. चौकशीवाले मुलीच्या घरी विचारत नाहीत, आजूबाजूला विचारतात. गिरणीत, किराण्याच्या दुकानात, शाळेच्या मास्तरांना. आणि सरळ तर कधीच विचारत नाहीत. येतात दुसऱ्याच कामाच्या निमित्ताने, बसतात, चहा घेतात, पावसापाण्याचं बोलतात, आणि उठता उठता सहज विचारल्यासारखं विचारतात. उत्तरही ठरलेलं असतं. मुलगी चांगली असेल तर म्हणायचं, "डोळे झाकून करा." यापेक्षा एक शब्द कमी बोललात तरी ते नाही असतं. "बरी आहे" म्हणजे नाही. "आमचा फार संबंध नाही" म्हणजे नाही. आणि "बाकी तुम्ही चौकशी करा" म्हणजे तर पायात चपला घाला आणि निघा. या रीतीत कोणी कोणाची बदनामी करत नाही. कोणी वाईट बोलत नाही. त्यामुळे उद्या कोणी कोणाला धरूही शकत नाही.

मी याच मातीत वाढले. माझ्याही लग्नाच्या वेळी कोणीतरी कुठल्यातरी ओट्यावर बसून कोणालातरी विचारलं असेलच. मला रीत माहीत नव्हती असं म्हणायला जागा नाही.

ते नवरा-बायको वाशिंदला आमच्या घरी आले ते होळीच्या आसपास, एका दुपारी. वैशाखऱ्याच्या त्या मुलाचा मामा आणि मामी. निमित्त होतं पुतणीला अकरावीला कुठे घालायची. मी चहा टाकला. मामा आमच्या बिल्डिंगीच्या पाण्याबद्दल विचारत होते, टँकर येतो का, किती वेळा येतो. मामी भिंतीवरच्या फोटोंकडे बघत होत्या. माझे मिस्टर पहिल्या पाळीला गेले होते, ते इथल्याच एका कारखान्यात आहेत. घरात आम्ही तिघंच.

कप रिकामे होत आले तेव्हा मामा म्हणाले, "आमच्या भाच्याचं चाललंय किन्हवलीकडं. पोरगी तुमच्याच क्लासला येते म्हणं."

"हो, येते."

"हुशार हाये बोलतात."

"हुशार आहे. अभ्यासू आहे. स्वभावानेही शांत."

इथे थांबायला हवं होतं मी. किंवा पुढचे तीन शब्द म्हणायला हवे होते, जे सगळे म्हणतात. मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्या वाटच बघत होत्या त्या तीन शब्दांची. मी कपाच्या बशीकडे पाहिलं आणि म्हणाले,

"बाकी तुम्ही चौकशी करा."

मामींनी कप खाली ठेवला. मामा म्हणाले, "करतो की. करायलाच पायजे." दोन मिनिटं पुतणीच्या अॅडमिशनचं बोलून ते उठले. दारात चपला घालताना मामींनी माझा हात हातात घेतला. "मॅडम, उपकार झाले तुमचे."

त्या एका वाक्याने मला कळलं मी काय केलं ते. उपकार कशाचे, मी तर काही सांगितलंच नव्हतं.

का केलं, हे मी टाळत आले. आता लिहिते. मला त्या मुलाच्या भल्याची काळजी होती, असं मी काही दिवस मानून घेतलं. ते खोटं आहे. मी त्या मुलाला ओळखतही नव्हते. खरं कारण फार लहान आहे. उद्या लग्नानंतर तिला आकडी आली, आणि ते लोक म्हणाले, मॅडमनी तर डोळे झाकून करा म्हणून सांगितलं होतं, तर माझं नाव जाईल. या पट्ट्यात माझ्या शब्दाला किंमत आहे. लोक विचारायला येतात. मला ते आवडतं. ती किंमत मला राखायची होती, आणि ती राखायला मी तिची गुपित ठेवायला दिलेली गोष्ट वापरली. धाकटीला दिलेला शब्दही मोडायचा नव्हता आणि माझं नावही घालवायचं नव्हतं. दोन्ही जमलं असं मला वाटलं होतं, बशीकडे बघत असताना.

संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं. ते जेवता जेवता म्हणाले, "तू खोटं बोललीस का?"

"नाही."

"आकडीचं सांगितलंस?"

"नाही."

"मग झालं तर. कशाला डोक्याला लावून घेतेस? आमटी वाढ."

मामा-मामींनी चौकशी केली. मी करायलाच सांगितलं होतं. धाकटीच्या गोळ्या जिथून येत त्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचायला त्यांना काही दिवस पुरले. मग मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिका जमत नाही. पत्रिका आधी कोणी पाहिलीच नव्हती. पाठोपाठ खरं कारणही आलं, ते येतंच. वाडीत ज्याला त्याला कळलं.

पुढच्या रविवारी धाकटी एकटीच आली, एसटीने. वर्ग संपल्यावर माझ्यासमोर उभी राहिली. डोळे सुजलेले.

"तिनंच सांगितलं, मॅडम."

"कोणी?"

"काकीच्या पोरीनं. त्याच आठवड्यात ती मुरबाडला हळदीला गेलेली, तिथं त्यांच्या बायका होत्या. तिचं जमत नाय ना अजून. माझं आधी जमलं ते तिला बघवलं नाय."

"असं लगेच मनात आणू नको," मी म्हणाले. तेच पुन्हा. अर्धं बोलायचं आणि उरलेलं समोरच्यावर सोडायचं.

"मग कोणी सांगितलं? घरचे तर सांगणार नाय. घर सोडून दोघींनाच माहीत होतं, तिला आणि तुमाला. आणि तुमी तर सांगणार नाय."

तिने ते विचारलं नव्हतं. तिला ते माहीतच होतं, फळा काळा आहे हे माहीत असावं तसं. मी पर्स उघडून रुमाल शोधू लागले. तिच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे. रुमाल सापडेपर्यंत बोलायची वेळ निघून गेली, आणि खरं सांगायचं तर मी ती जाऊ दिली.

थोरली त्यानंतर वर्गाला आली नाही. पुढचा बाक रिकामा राहिला आणि वर्गातलं हसणंही गेलं. मी शिकवत होते, मुलं उतरवून घेत होती. पण मला एका जागी उभं राहवेना. वाक्य अर्धं टाकून मी खिडकीशी जायची, परत फळ्याशी यायची. गाडी चालवताना वळण चुकायचं. कॉलेजात कोणी सहज म्हटलं, मॅडम जरा बोलायचं होतं, की मी तास आहे म्हणून सटकायची. मी फळ्यावर न मांडलेला एक शब्द होता त्याच भावकीतला, परफिडी. परीक्षेला येत नाही म्हणून सोडला होता. विश्वासघात असं कोशात दिलेलं असतं. पण मूळ पाहिलं तर त्याचा अर्थ अधिक बोचरा आहे. विश्वासाच्याच वाटेने जाऊन केलेला घात. बाहेरून भिंत फोडून नव्हे, दिलेल्या किल्लीने दार उघडून. घरात भांडी घासताना तो शब्द मला आठवायचा आणि मी नळ मोठा सोडायची.

वाडीतली बातमी मला एसटीत, बाजारात, तुकड्या-तुकड्यांनी मिळत होती. दोन्ही घरांचं अंगण एक होतं. त्या अंगणात मधोमध हिरवी जाळी बांधली म्हणे, रोपांवर घालतात ती. थोरलीची आई, म्हणजे धाकटीची काकी, सुरुवातीला पोरीच्या बाजूने भांडली, मग तिलाही संशय यायला लागला. पोरीने देवाची शपथ घेतली तर म्हणाली, शपथेवर काय, शपथा सगळेच घेतात.

हे असं पूर्ण पावसाळाभर चाललं. मी दर रविवारी धाकटीला पाहत होते आणि गप्प होते.

दिवाळीनंतर एक बाई माझ्याकडे आल्या. शहापूरच्या, दुसऱ्याच एका लग्नाच्या मुलाची आई. निमित्त काढायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत, तो त्यांचा स्वभावच नसावा. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मी सरळ विचारते हां मॅडम, राग मानू नका." आणि थोरलीचं नाव घेतलं.

वाटलं, सुटले. हे माझ्या हातात आहे. हिचं नाव मी धुऊन देऊ शकते, कोणाला काही न सांगता. मी एवढ्या जोरात म्हणाले की मलाच माझा आवाज परका वाटला, "डोळे झाकून करा."

बाई हसल्या. "तुमी भल्या हाव. पण तिच्या घरचेच बोलतात, तोंडाची हलकी हाये. सख्ख्या चुलतबहिणीचं जमलेलं लग्न मोडलं तिनं. पोरगी मला आवडलीये, खोटं कशाला बोलू. बोलते पण झकास. पण अशी घरात आणून बसवली तर उद्या आमच्या घरातलं गावभर."

"ते तिने नाही सांगितलं."

"मग कोणी?"

मी बशीकडे बघितलं नाही. एवढंच त्या दिवशी वेगळं केलं. "मी," म्हणाले. "म्हणजे मी सांगितलं नाही, पण माझ्यामुळेच कळलं. माझ्याकडे आले होते, मी म्हणाले, बाकी तुम्ही चौकशी करा. मला माहीत होतं तिच्या आजारपणाचं. तिने मला विश्वासाने सांगितलं होतं."

पहिल्यांदाच मी हे मोठ्याने बोलले, आणि तेही एका परक्या बाईसमोर. हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. बाईंनी पिशवी उचलली.

"मॅडम, मग आता तुमच्या शब्दावर मी डोळे कसे झाकू?"

दारापर्यंत मी गेले. जिन्यात थांबून त्या म्हणाल्या, "माझा नंबर घेऊन ठेवा. नुसतं माझ्यासमोर बोलून काय उपयोग? ज्यांच्यासमोर बोलायला पायजे तिथं बोला आधी." मी नंबर फोनमध्ये घातला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात रजा टाकली. मिस्टर म्हणाले, "आता कशाला जुनं उकरतेस? मिटलंय ते." मी म्हटलं, जाळी बांधलेली आहे, मिटलं कुठे? त्यांना कसली जाळी ते माहीत नव्हतं. सांगत बसले नाही, स्कूटी काढली.

वाडीत सगळीकडे भाताची झोडणी चालू होती. अंगणात जाळीच्या अलीकडे धाकटी आणि तिची आई, पलीकडे थोरली आणि काकी. दोन्हीकडे तेच काम चाललेलं, लाकडी फळीवर भारे आपटायचे आणि दाणे ताडपत्रीवर पाडायचे. एका बाजूचा आवाज थांबला की दुसऱ्या बाजूचा ऐकू यायचा. पूर्वी एकच फळी असेल.

धाकटीने मला पाहिलं आणि ओढणीने तोंड पुसत आली. "मॅडम! तुमी कशा काय? बसा ना. आये, खुर्ची आण."

"बसत नाही. तुझ्याशी बोलायचंय."

मी सांगितलं. या वेळी अर्धं नाही सांगितलं. मामा-मामी, चहा, बशी, ते वाक्य, आणि ते वाक्य का बोलले, तेही. तिच्या आईने खुर्ची मधेच ठेवून दिली. धाकटी ऐकत होती, हातात भाताची एक काडी होती, ती तिने मोडली, परत मोडली.

"तुमी बोलला नाय मग," ती हळूच म्हणाली.

"नाही. पण त्यांना कळेल असं वागले."

"सरळ बोलला असता ना, हाये हिला आकडी, गोळी चालू हाये, तरी मला चाललं असतं. तुमी सांगितलं पण नाय आणि झाकलं पण नाय." तिचा आवाज चढला. "लग्न मोडलं त्याचं मला काय नाय वाटत. मोडलंच असतं, कदाचित. पण मला सांगायचं होतं त्याला! मी रोज गाडीवर बसून मनात बोलायची, पहिलं वाक्य कुठलं, दुसरं कुठलं. त्यानं माझ्या तोंडून ऐकून नको म्हटलं असतं तर... मला कळलं असतं तो कसा हाये. आता मला तेवढंपण माहीत नाय."

लग्न मोडल्याचा दोष मी मनात किती वेळा उचलला होता, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिचं बोलणं तिच्या आधी खर्चून टाकलं होतं.

पलीकडचा आवाज केव्हाच थांबला होता. जाळीतून थोरली दिसत होती, भारा हातात तसाच.

"ऐकू येत नाय नीट," तिथून काकी म्हणाल्या. "मॅडम, आमच्या बाजूला येऊन बोला. आमचं नाव घालवलं ते आमाला पण ऐकू दे."

मी जाळीच्या कडेने पलीकडे गेले आणि सगळं पुन्हा सांगितलं. काकी डोक्यावरचा पदर हातात धरून ऐकत होत्या. संपल्यावर त्या माझ्याकडे बघेचनात, पोरीकडेही बघेनात. खाली बसल्या आणि ताडपत्रीवरचे दाणे उगाच एका बाजूला सारू लागल्या. "शपथ घेतली होती गो हिनं," एवढंच पुटपुटल्या.

मी थोरलीची माफी मागितली. तिने ऐकून घेतलंसुद्धा नाही. ती माझ्यावर चिडेल, ओरडेल, अशी मी तयारी करून आले होते. तिने भारा खाली टाकला आणि जाळीपाशी जाऊन उभी राहिली.

"तू मला विचारलं पण नाय गो."

"काय विचारू?" पलीकडून धाकटी.

"तूच सांगितलंस का, एवढं. एक वेळ तरी. बाजूला निजायचीस ना माझ्या? उशी उचलून आईकडं गेलीस ती गेलीसच. मॅडमचा भरवसा केलास, माझा नाय केलास."

"तू हळदीला गेलेलीस!"

"जेवायला गेलेली! तिथं तुझी आकडी वाढत होती का पानात?"

"मग तू येऊन बोलायचं होतंस ना. तोंड तर एवढं हाये तुला, सगळ्या क्लासला पुरतं."

"तोंड हाये म्हणूनच माझ्या नावावर घातलंत ना सगळ्यांनी!"

दोघी रडत होत्या आणि भांडत होत्या. धाकटीच्या आईने मधे पडायला तोंड उघडलं, तर काकी खालूनच म्हणाल्या, "राहू दे. भांडू दे त्यांना. इतके दिस भांडल्या पण नाय एकमेकींशी." कितीतरी महिन्यांनी त्या जावा एकमेकींशी बोलल्या असाव्यात, कारण दोघीही लगेच दुसरीकडे बघू लागल्या.

मी निघायला हवं होतं, पण आणखी एक सांगायचं राहिलं होतं. भांडणात खंड पडला तेव्हा मी म्हणाले की शहापूरहून एक बाई आल्या होत्या, थोरलीची चौकशी करायला. त्यांनी काय विचारलं, मी काय म्हणाले, आणि त्या काय म्हणून गेल्या, तेही.

थोरलीने नाक पुसलं. "तोंडाची हलकी? असं बोलल्या?"

"त्यांना तसं सांगितलं होतं लोकांनी."

"आणि तुमी काय सांगितलं?"

"डोळे झाकून करा."

"कशाला?" ती इतकी वैतागली की जाळीपलीकडे धाकटीला हसू फुटलं, रडता रडताच. "कोणी कशाला डोळे झाकायचे? नंबर हाये का तुमच्याकडं त्यांचा?"

मी फोन काढला, नंबर लावून दिला. काकी म्हणाल्या, "अगो, असं कोणी करतं का? पोरी फोन करतात का कधी?" तोवर पलीकडून हॅलो आलं होतं.

"मी बोलते किन्हवलीहून. तीच, तोंडाची हलकी. हां... हां, तीच. तुमाला माझ्याबद्दल जे काय विचारायचंय ते मलाच येऊन विचारा... नाय, आजच या. झोडणी चालू हाये, उन्हात बसावं लागेल एवढंच... बहीण? हाये ना, इथंच हाये. तिला पण विचारा. पण ती सगळं खरं सांगेल, तयारी ठेवा."

धाकटी जाळीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. थोरली मधेच थांबली, फोन कानापासून जरा दूर धरून तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माफीही नव्हती आणि रागही नव्हता. वर्गात चुकलेल्या उत्तरावर मी मुलांकडे कशी बघते, तसं काहीतरी.

"त्या विचारतात मॅडम हितंच हायेत का."

मी मान डोलावली.

"हायेत," ती फोनमध्ये म्हणाली. "पण त्यांना नका विचारू."